मालकाने स्वतः भरलेला बॉक्स

चमचे किती, हा रकाना भरताना अंकिता थांबली. चमचे तिने दोनदा मोजले होते. एकदा एकोणतीस भरले, एकदा एकतीस. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढल्यावर दोन मोजण्यांतला असा फरक सहन होत नाही. एरवी तिने तिसऱ्यांदा मोजले असते. आज तिने ‘तीस’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

अकरा दिवस हेच चाललं होतं. तिचा नवरा मुकेश जानेवारीतच न्यूझीलंडला गेला होता. तिथल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली होती. आता मे अर्धा सरला होता. वर्ध्याचं भाड्याचं घर आवरायचं, सामान जहाजाने रवाना करायचं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अंकिताने विमानात बसायचं, असं ठरलं होतं. सासूबाई, कोकिळाबाई, गिरडला थोरल्या मुलाकडे, भैय्याजीकडे राहायला जाणार होत्या. त्यांची एक पेटी आणि एक पिशवी कधीच भरून दाराशी ठेवलेली होती. कूलर गेल्या आठवड्यात विकला गेला होता. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता आणि यादीचे कागद उडू नयेत म्हणून अंकिताने त्यांच्यावर पोळपाट ठेवला होता.

यादी विम्यासाठी होती. घरातली प्रत्येक वस्तू, तिचे नग, ती किती जुनी आहे, आणि तीच वस्तू तिकडे नव्याने घ्यायची तर काय पडेल, हे सगळं लिहायचं. किंमत कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे सामान लाखाचं असताना पन्नास हजारांचं लिहिलं, तर दहा हजारांचं नुकसान झाल्यावर हातात पाच हजारच यायचे. हे कलम वाचल्यावर अंकिताला पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं. एखाद्या यंत्राचं कॅलिब्रेशन चुकलं की सगळीच मापं त्याच प्रमाणात चुकतात, तसंच हे. अकराव्या दिवशी मात्र त्यात बरं वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. झारा एक. उलथणी दोन. किसणी एक, सात वर्षं जुनी.

सामान बांधणारी कंपनी नागपूरची होती. तिथली रुचिका नावाची मुलगी रोज फोन करून, थकलेल्या पण गोड आवाजात, यादी कुठवर आली ते विचारायची. तिनेच दोन विम्यांतला फरक सांगितला होता. एक स्वस्त होता. जहाज बुडालं, कंटेनर समुद्रात पडला, सगळंच्या सगळं जळालं, तरच त्यातून पैसे मिळणार. दुसरा त्याच्या तिप्पट महाग. त्यात एक कप फुटला तरी भरपाई होती, पण तो कप कंपनीच्या माणसांनी बांधलेला असला तरच. घरच्यांनी भरलेल्या बॉक्ससमोर ‘मालकाने स्वतः भरलेला’ असं लिहायचं आणि त्यात जे फुटेल ते आपलं आपण सोसायचं.

मुकेशला स्वस्त विमा पुरेसा वाटत होता. त्याचं म्हणणं, गाद्या आणि पातेली फुटत नाहीत. तीन रात्री दोघं फोनवर यावरून बोलत राहिले. तिकडे तेव्हा पहाट असायची आणि त्याला कामावर जायचं असायचं, त्यामुळे बोलणं नेहमी अर्धवटच तुटायचं. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, नेमकं काय फुटेल म्हणून तू एवढी अडून बसली आहेस? अंकिता म्हणाली, “बाबांची काच.”  महाग विमा ठरला.

अंकिताचे वडील डोमाजी एका कॉलेजात काच फुंकायचे. प्रयोगशाळेतलं फुटकं कंडेन्सर जोडायचं, नळीला नळी लावायची, मुलांनी तोडलेले ब्युरेट सरळ करायचे, हे त्यांचं काम. अख्ख्या जिल्ह्यात हे काम करणारे ते एकटेच असावेत. अंकिताच्या लग्नात त्यांनी एक जग आणि सहा गिलास स्वतः करून दिले होते, प्रयोगशाळेतल्या काचेचे, विस्तवावर धरले तरी न तडकणारे. जगाची चोच बगळ्यासारखी लांब आणि बारीक होती. सहा गिलासांपैकी एकही दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. तिने मापून पाहिले होते. सगळ्यांत फरक दोन ते पाच मिलिमीटरचा. त्यावर डोमाजी म्हणाले होते, माणूस फुंकते, यंत्र नाई. तीन वर्षांपूर्वी ते गेले. विम्याच्या फॉर्ममध्ये ‘तीच वस्तू नव्याने घ्यायची तर’ या रकान्यासमोर अंकिता बराच वेळ बसली होती. शेवटी तिने तशाच काचेच्या सहा बीकरांची आणि एका फ्लास्कची तिकडची किंमत शोधून लिहिली. रुचिकाने ती मान्य केली.

जग हातातल्या सामानात न्यायचा विचार तिने केला नव्हता असं नाही. चोचीपासून कानापर्यंत मापून, पट्ट्या कापून, पुठ्ठ्याचा खोकाही बनवून पाहिला होता. तो विमानात चालणाऱ्या मापात बसला नाही.

मंगळवारी कंपनीची माणसं आली. त्यांचा मुकादम भूपेंद्र, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आधी स्वयंपाकघर बांधू, पलंग-कपाटं उद्या खोलू, असं त्याने ठरवलं. प्रत्येक भांडं कागदात गुंडाळलं, प्रत्येक बॉक्स चिकटपट्टीने बंद केला आणि पट्टीच्या सांध्यावर नंबराचं स्टिकर लावून त्यावर सही ठोकली. काच चौदा नंबरात गेली. कोकिळाबाई दिवसभर ओट्याशी पाटावर बसून बघत होत्या. त्यांच्या संसारातली पितळेची भांडी, त्यांच्या सासूचा पाण्याचा गुंड, पोह्यांचे डबे, सगळं एकेक करून कागदात गेलं. मध्ये एकदा त्यांनी रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवून भूपेंद्रला विचारलं, हे डबे खालीच ठेवतेस का रे बाबू? त्याने हो म्हटलं आणि पट्टी ओढली.

दुपारनंतर अंकिता सेवाग्रामला गेली. नोकरी सोडल्याची कागदपत्रं अजून तीन टेबलांवर अडकली होती. ती परतली तोवर माणसं निघून गेली होती. कोकिळाबाईंनी तिला ताक दिलं आणि लवकर झोप म्हणाल्या. त्यांच्या बोटांना चिकटपट्टीचा चुरा लागला होता. तो अंकिताने पाहिला. पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याएवढी ती शिल्लक राहिली नव्हती.

बुधवारी सकाळी केर काढायला म्हणून तिने अकरा नंबरचा बॉक्स थोडा सरकवला, आणि आतून आवाज आला. बारीक, घसरत गेलेला, सर्र असा. भांड्यांचा आवाज असा नसतो. तिने बॉक्स पुन्हा हलवला. पुन्हा सर्र. मग तिने बाराला, तेराला हात लावला. सगळे वाजत होते. स्टिकरं मधोमध कापलेली होती आणि कापावर खालच्या दुकानातली तपकिरी पट्टी अगदी सरळ, नीट लावलेली होती.

अंकिता खाली बसली. चौदा नंबरची पट्टी तिने नखाने उचलली आणि खोका उघडला.

जग काठोकाठ गव्हाने भरला होता. यंदाचे गहू, गिरडच्या शेतातले, उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले. प्रत्येक गिलासात एकेक मूठ. गुंडाळलेला कागद अर्धाच परत लावलेला होता आणि भरलेला जग एका गिलासावर कलला होता. तिने एकेक करून सातही नग बाहेर काढले, खिडकीशी नेऊन उजेडात धरले, काठावरून बोट फिरवलं. तडा कुठेच नव्हता. 

कोकिळाबाई न्हाणीतून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“काऊन खोललं वं?”

“आई, हे तुमी भरलं?”

“मंग का खाली देऊ?” त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. “खाली भांडं घरातून कोणी देते काय? शेजारणीची वाटी वापस करतो तर चिमूटभर साखर टाकतो आपण. हा तर अख्खा संसार चालला तुया. तो बाबू खालीच डबे बंद करून राह्यला होता. मले पाहवलं नाई.”

 रागवायला अंगात जोर लागतो. तिने शांतपणे सांगितलं, की त्या देशात बाहेरचा दाणा चालत नाही. बी जाईल, कीड जाईल, म्हणून ते बंदरावर बॉक्स उघडून बघतात. एक दाणा सापडला तर सगळा कंटेनर अडतो. आणि दुसरं म्हणजे पट्टी कापली की बॉक्स कंपनीने भरलेला राहत नाही, त्यातली काच फुटली तर विमा लागू होत नाही. तिने एवढा आटापिटा केला होता तो फक्त या काचेपायी.

कोकिळाबाई पाटावर बसल्या. जगाकडे बघत राहिल्या.

“लग्नात तुया बाबानं हा जग आणला,” त्या हळूच म्हणाल्या, “तवा का खाली आणला होता? खडीसाखर भरून आणली होती. मले आठवते. म्या वाटली होती साऱ्याइले.”

हे अंकिताला माहीत नव्हतं. लग्नाच्या दिवशी ती दुसऱ्या खोलीत होती.

नऊ वाजता भूपेंद्र दोन माणसांना घेऊन आला. त्याने बॉक्सकडे एक नजर टाकली आणि पुढे काही सांगायची गरज राहिली नाही. तेवीस वर्षांत त्याने लोकांना बॉक्समध्ये काय काय घालताना पाहिलं असेल कोण जाणे. तो म्हणाला, गहू काढून टाका, मी नवीन स्टिकर लावून देतो, नंबर तेच, सही तीच. कोण पाहते, मॅडम?

खरंच कोणी पाहिलं नसतं. कागदोपत्री सगळे बॉक्स कंपनीचेच राहिले असते. मुकेशला सांगायचीही गरज नव्हती. अंकिताने स्टिकरांचं बंडल पाहिलं, आणि तिला लॅबमधली एक जुनी नोंदवही आठवली. त्यात कोणीतरी महिनाभर फ्रीजचं तापमान न बघता रोज ‘चार’ लिहून ठेवलं होतं. फ्रीज कधी बिघडला ते त्यामुळे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. स्टिकर लावून जग काही जास्त घट्ट बसणार नव्हता. तो आत पुन्हा कलंडणारच होता, फक्त कागद सांगणार होता की तो नीट आहे.

“नको,” ती म्हणाली. “परत बांधून द्या. सगळे नाही जमणार, मला कळते. किती जमतील?”

भूपेंद्रने आकडेमोड केली. पलंग खोलायचे होते, कपाट उतरवायचं होतं, गाडी संध्याकाळपर्यंत नागपूरला लागायला हवी होती आणि कागदाचा एकच रोल उरला होता, तोही अर्धा. एक बॉक्स, असं तो म्हणाला. फार तर.

उघडलेले बॉक्स सहा होते. अंकिताने पेन्सिल घेतली आणि यादीवरून खाली उतरत गेली. नऊ, दहा, बारा, तेरा: स्टील आणि पितळ. पितळ फुटत नाही. पोचा येईल, येऊ दे. चौदा: काच. राहिला अकरा. त्यात मुकेशला आधीच्या नोकरीत बक्षीस मिळालेला चिनी मातीचा डिनर सेट होता, सोनेरी काठाचा, बत्तीस नगांचा. त्याच्यासमोर तिची पेन्सिल थोडी थबकली. मग तिने नऊ, दहा, अकरा, बारा आणि तेरासमोर ‘मालकाने स्वतः भरलेला’ असं लिहिलं आणि मुकेशला संदेश टाकला की डिनर सेट विम्याबाहेर गेला आहे, का ते नंतर सांगते. त्याचं उत्तर एका शब्दात आलं: बरं. तोही थकला असावा.

मग दोघी गहू काढायला बसल्या. परात मध्ये, सूप बाजूला. कोकिळाबाई डबा उलटा करायच्या, बुडाला थापटी मारायच्या आणि अंकिताकडे द्यायच्या. अंकिता मोबाइलचा दिवा लावून आत बघायची, काठाच्या पन्हळीतून सुई फिरवायची, फडक्याने पुसायची. गहू घातलेली भांडी त्रेचाळीस होती. मूठ प्रत्येकात सारखी नव्हती. मोठ्या डब्यांत दोन, वाट्यांत चिमूट, आणि सासूच्या गुंडात तर गव्हावर एक हळकुंडही. ते हळकुंड कोकिळाबाईंनी कमरेला खोचलं. कुकरच्या रिंगेत दोन दाणे सापडले. ते कसे गेले ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

“एवढं बारीक पाह्यते तू,” कोकिळाबाई म्हणाल्या, “पन मले नाई इचारलं तू एकडावही, का आई, तुमाले काय द्यायचं हाये म्हून.”

अंकिताच्या हातातली सुई थांबली. अकरा दिवस तिने दर वस्तूची किंमत, वय आणि अवस्था लिहिली होती. हे विचारायचा रकाना यादीत नव्हता.

“नाई इचारलं,” ती म्हणाली.

“जाऊ दे. लय काम होतं तुले.”

बाहेर पलंगाचे स्क्रू निघत होते. अकरा वाजता भूपेंद्र चौदा नंबरचा नवा खोका घेऊन स्वयंपाकघरात आला आणि मांडी घालून बसला. खाली कागदाचा थर, त्यावर पुठ्ठ्याचे कप्पे. पहिला गिलास त्याने घेतला, कागदाचा बोळा केला आणि आत कोंबला. मग बाहेरून गुंडाळला. दुसरा घेतला. कोकिळाबाईंनी मान पुढे केली.

“आत काऊन भरतेस रे बाबू? कालचे म्या कचरा समजून काढून टाकले.”

“भरावंच लागते, मावशी,” त्याने वर न बघता सांगितलं. “डबे चालतात, पन काच आमी कधी खाली नाई पाठवत. खाली काच रस्त्यात फुटते. पोटात भरती लागते तिले.”

 कोकिळाबाईंनी रोलवरून कागद फाडला, हाताने नीट चुरगाळला आणि जगाकडे हात नेला. भूपेंद्रने आपला पंजा आडवा धरला.

“हात नका लावजा मावशी. तुमचा हात लागला का बॉक्स तुमचा झाला. मंग याचा विमा गेला.”

“आन मी फक्त कागद देल्ला तं?”

त्याने अंकिताकडे पाहिलं. अंकिताने विम्याचे सतरा पानी नियम मनातल्या मनात चाळले. कागद कोणी चुरगाळायचा, याबद्दल त्यात काही नव्हतं.

“दिला तर चालते,” ती म्हणाली.

मग कोकिळाबाई एकेक बोळा करून देत गेल्या आणि भूपेंद्र तो आत बसवत गेला. जगाला नऊ बोळे लागले. शेवटचा चोचीच्या मुळाशी जाईना, तेव्हा त्यांनी तो परत मागून घेतला, वातीसारखा लांब वळला आणि पुन्हा दिला. तो बसला. भूपेंद्रने खोका दोन्ही हातांत धरून हलवला, आणि तिघांनीही कान दिला. आतून काहीच वाजलं नाही. त्याने पट्टी लावली, स्टिकर चिकटवलं, सही केली.

अडीच वाजता गाडी भरली. फॉर्मचं शेवटचं पान भूपेंद्रने गाडीच्या बॉनेटवर ठेवून सहीला दिलं. सामानात धान्य, बियाणं, माती, वनस्पतींचा कोणताही अंश आहे का? समोर दोन चौकोन होते, हो आणि नाही. ‘शोधलं, सापडलं नाही’ असा तिसरा चौकोन तिला हवा होता. त्रेचाळीस भांडी, प्रत्येक दोनदा. तिने ‘नाही’वर खूण केली, सही केली आणि बॉनेटचा चटका बसलेलं मनगट फुंकत घरात आली.

रिकाम्या घरात आवाज मोठा होत होता. मधल्या खोलीत परात होती, परातीत गहू, आणि परातीपाशी कोकिळाबाई. गहू सूपभर निघाले होते. ते संध्याकाळी दळून आणायचे आणि गिरडची गाडी येईपर्यंतच्या चार दिवसांच्या पोळ्या त्यातच होतील, असा त्यांनी हिशेब लावला होता. अंकिता त्यांच्याशेजारी फरशीवर आडवी झाली. गादी गेली होती. फरशी त्यातल्या त्यात गार होती.

“त्या पाच बॉक्सवर काय लिवलं मंग तू?” कोकिळाबाईंनी विचारलं.

“मालकाने स्वतः भरलेले.”

“मालक कोन?”

अंकिताने डोळे मिटले होते. “तुमीच. तुमीच तं भरले.”

कोकिळाबाईंनी सूप उचललं. गहू पाखडल्याचा आवाज सुरू झाला, सावकाश, एका लयीत. मग तो मध्येच थांबला.

“पाचही?”

“पाचही, आई.”

सूप पुन्हा सुरू झालं.